वीस मिनिटांत निम्मा होणारा ट्रेसर: कार्बन-११ रॅक्लोप्राइड अकरा वर्षं वापरून

ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती कुणाला विकत आणून कपाटात ठेवता येत नाही. सकाळी करायची, तासाभरात टोचायची, दुपारपर्यंत ती संपलेली असते. कार्बन-११ या किरणोत्सारी अणूचं अर्धायुष्य २०.४ मिनिटांचं. बाटली तयार झाल्यापासून दोन तासांनी तिच्यात दोन टक्केसुद्धा किरणोत्सार शिल्लक नसतो. या अणूची खूण लावलेलं रॅक्लोप्राइड मी गेली अकरा वर्षं बनवते आहे. शरीरात कुठे जाऊन बसला ते बाहेरून कळावं म्हणून अशी खूण लावलेल्या पदार्थाला ट्रेसर म्हणतात. उत्तेजक औषध घेतल्यावर माणसाच्या मेंदूत डोपामाइन किती सुटतं, हे पेट स्कॅननं (ट्रेसरच्या किरणोत्सारावरून मेंदूचं चित्र काढणाऱ्या तपासणीनं) पाहणाऱ्या अभ्यासांना ते पुरवायचं हे माझं काम. आणि एकदा, दुसऱ्या एका केंद्रात, स्वयंसेवक म्हणून टेबलावर आडवी होऊन ते मी स्वतःच्या शिरेतही घेतलं आहे. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून हा अभिप्राय.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो मुद्दा आधी. हा ट्रेसर डोपामाइनला चिकटत नाही. तो चिकटतो डोपामाइनच्या डी-२ आणि डी-३ रिसेप्टरना, म्हणजे चेतापेशींवर ज्या जागी एरवी डोपामाइन येऊन बसतं त्या जागांना. जागा मोजक्या आणि दावेदार दोन. ॲम्फेटामिन दिलं की ते चेतापेशीत शिरून साठलेलं डोपामाइन बाहेर ढकलतं, ते परत आत घेणारा ट्रान्सपोर्टर चक्क उलटा चालवतं. मिथाइलफेनिडेट (लक्ष न लागण्याच्या विकारावरचं, म्हणजे एडीएचडीवरचं, औषध) आणि कोकेन तो ट्रान्सपोर्टर नुसता अडवून धरतात, मग सुटलेलं डोपामाइन बाहेरच रेंगाळतं. वाट कुठलीही असो, सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या फटीत, डोपामाइन वाढलं की ते जास्त जागा अडवतं आणि रॅक्लोप्राइडला बसायला कमी जागा उरते. औषधाआधीच्या स्कॅनमध्ये स्ट्रायाटम (मेंदूच्या खोलातला, हे रिसेप्टर दाटीनं असलेला भाग) जितका उजळ दिसला होता तितका औषधानंतर दिसत नाही. ही घट म्हणजेच आमची मोजणी. कुणी म्हणालं की 'पेटवर डोपामाइन दिसलं', तर समजावं की दिसली ती घट. डोपामाइन हा त्यावरून काढलेला निष्कर्ष.

हे जमतं ते रॅक्लोप्राइडच्या सैल पकडीमुळे. १९८३ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतले डोपामाइन रिसेप्टर पेटवर पहिल्यांदा पाहिले. तो मेंदू खुद्द वॅग्नर यांचाच होता. त्यांनी वापरलेलं मिथाइलस्पायपरोन रिसेप्टरवर असं घट्ट बसतं की डोपामाइन वाढलं तरी त्याला फारसं हलवता येत नाही. रिसेप्टर किती आहेत ते सांगायला ठीक, पण औषधानं काय बदललं ते सांगायला उपयोगाचं नाही. रॅक्लोप्राइड मूळचं स्वीडनच्या आस्त्रा कंपनीचं, मनोविकारांवरचं औषध म्हणून शोधलेलं. १९८५ च्या सुमारास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांनी त्याला कार्बन-११ लावून माणसांत वापरलं. ते बसतं, उठतं, पुन्हा बसतं. औषध म्हणून त्याचं पुढे फार काही झालं नाही. ट्रेसर म्हणून मात्र या एका गुणानं त्यानं चाळीस वर्षं काढली.

आता बनवण्याबद्दल. यात माझा जीव अडकलेला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहीन.

सायक्लोट्रॉनमध्ये नायट्रोजन वायूवर प्रोटॉनचा मारा करतात. नायट्रोजनच्या अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडतो आणि मागे कार्बन-११ उरतो. वायूत थोडा ऑक्सिजन मिसळलेला असतो, त्यामुळे आमच्या हाती तो कार्बन डायऑक्साइड होऊनच येतो. त्याचं मिथाइल आयोडाइड करायचं, काही ठिकाणी त्याही पुढे जाऊन मिथाइल ट्रायफ्लेट, आणि हा मिथाइल गट प्रिकर्सरच्या, म्हणजे रॅक्लोप्राइड ज्यापासून बनतं त्या कच्च्या पदार्थाच्या, एका ऑक्सिजनवर चढवायचा. प्रिकर्सर एखादा मिलिग्रॅम, नखावर मावेल एवढा. हे सगळं शिशाच्या भिंतीआड, हॉट सेलमध्ये, बटणांनी. हात कुठेच लागत नाही. नंतर मिश्रण एचपीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्राच्या, कॉलममधून जातं आणि मी पडद्यासमोर बसते. किरणोत्साराची रेघ सपाट धावत असते. मग ती हलकेच उचलली जाते. त्या क्षणी व्हॉल्व्ह फिरवून तेवढाच भाग गोळा करायचा. लवकर फिरवला तर नको ते आत येतं, उशीर झाला तर हवं ते वाया जातं. अकरा वर्षांनंतरही ती रेघ उचलली जाताना मी श्वास धरते.

पुढे बाटलीत भरणं, बारीक फिल्टरमधून गाळणं, आणि तपासण्या: शुद्धता, आम्लता, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष), अर्धायुष्य खरंच वीस मिनिटांचं आहे का, फिल्टर फुटलेला नाही ना. निर्जंतुकतेच्या पूर्ण चाचणीला १४ दिवस लागतात. म्हणजे तिचा निकाल येतो तेव्हा ते इंजेक्शन घेतलेला माणूस कधीच घरी गेलेला असतो. त्यामुळे फिल्टरच्या चाचणीवर आमचा सगळा भार. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली तर सुरुवातीच्या किरणोत्साराचा चौथा हिस्सा उरतो. एखादा फोन घेतला, एखादी सही राहिली, की तेवढ्यात ट्रेसर गळत असतो.

एका सकाळी फिल्टरची चाचणी नापास झाली. सगळी बॅच टाकून द्यावी लागली. वर स्कॅनरच्या खोलीत एक मुलगी दोन्ही हातांच्या शिरांत कॅन्युला (बारीक नळी) लावून, सकाळपासून उपाशी, चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवून तयार होती. दुसरी बॅच करायला वेळ होता, पण सायक्लोट्रॉन पुढच्या कामाला लागला होता. मी स्वतः वर जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, 'ठीक आहे, परत येईन,' आणि खरंच आली. या ट्रेसरला कुणी नावं ठेवली तर मला ती मुलगी आठवते. नावं ठेवण्यासारखं हेच आहे की तो माणसाला वाट पाहायला लावतो, आणि कधीकधी नुसतं परत पाठवतो.

एक दोष नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. ट्रेसरमध्ये किरणोत्सारी रॅक्लोप्राइडबरोबर साधं, थंड रॅक्लोप्राइडही थोडं असतंच, कारण हवेतला आणि नळ्यांतला साधा कार्बन शिरतो. ते मायक्रोग्रॅमच्या घरात राहिलं तर चालतं. वाढलं तर तेच रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि ट्रेसर किती बसला ते सांगणारा आमचा आकडा, बीपी, कमी दिसतो. औषधाच्या स्कॅनमधली बॅच आधीच्या बॅचपेक्षा जड निघाली तर डोपामाइन न वाढताही वाढल्यासारखं दिसेल. म्हणून प्रत्येक बॅचचं वस्तुमान मी वहीत लिहिते आणि स्कॅन वाचणाऱ्यांना ते आधी बघायला लावते. त्यांना कंटाळा येतो, माझा नाइलाज आहे.

बीपी म्हणजे इथे रक्तदाब नव्हे, बाइंडिंग पोटेन्शियल. हा आकडा काढताना स्ट्रायाटममधला ट्रेसर लहान मेंदूतल्या ट्रेसरशी ताडून पाहतात. लहान मेंदूत डी-२ रिसेप्टर जवळजवळ नसल्यातच जमा, त्यामुळे तिथे दिसतो तो नुसता इकडेतिकडे फिरणारा, न चिकटलेला ट्रेसर. या पद्धतीमुळे धमनीतून रक्त काढावं लागत नाही, आणि ज्यानं मनगटातल्या धमनीत सुई घालून घेतली आहे त्याला या एका सोयीची किंमत कळेल. दुसरी सोय आम्हाला एकदा अपघातानंच कळली. डोस मोजायच्या यंत्राचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यांत दोन मिनिटांचा फरक निघाला, तोही अभ्यास अर्धा झाल्यावर. कार्बन-११ मध्ये दोन मिनिटं म्हणजे साडेसहा टक्क्यांची चूक. माझ्या पोटात गोळा आला. पण स्ट्रायाटमचा आणि लहान मेंदूचा, दोन्ही आकडे त्याच प्रमाणात चुकले होते, भागाकारात चूक निघून गेली, बीपी तेच राहिलं. तेव्हापासून घड्याळं रोज सकाळी मीच जुळवते.

अल्पायुष्याचाही फायदा आहे. सकाळी औषधाविना बेसलाइन स्कॅन, मग औषध, मग दुपारी दुसरी बॅच आणि दुसरा स्कॅन. पहिल्या स्कॅनचा ट्रेसर तोवर नाहीसा झालेला असतो. एकाच दिवसात एकाच माणसाचे आधी आणि नंतर असे दोन आकडे मिळतात. फ्लोरिन-१८ वर चालणाऱ्या ट्रेसरचं अर्धायुष्य जवळपास ११० मिनिटं. तिथे दुसऱ्या दिवशी बोलवावं लागतं. काही प्रयोगशाळा तर पहिला डोस टोचून पुढे पंपानं ट्रेसर सारखा सोडत राहतात, आणि पातळी स्थिर झाली की मध्येच औषध देऊन एकाच स्कॅनमध्ये घट पाहतात. पद्धत सुंदर आहे, फक्त पंप अडकला तर सगळा दिवस गेला.

आता टेबलावरचा अनुभव.

मी ज्या अभ्यासात गेले त्यात मिथाइलफेनिडेटची गोळी होती आणि वेगळ्या दिवशी तशीच दिसणारी प्लासिबोची, म्हणजे औषध नसलेली, गोळी. आज कुठली ते मला सांगितलं नव्हतं. गोळी घेऊन तासभर बसवलं, कारण तोंडानं घेतलेलं मिथाइलफेनिडेट मेंदूत सर्वोच्च पातळीला पोचायला तास-दीड तास घेतं. मग मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून बसवतात आणि ती गार होताना कडक होते. पापण्या लवतात तेवढीच मोकळीक. नंतर डाव्या हातात सलाइनचा गार ओघ, आणि त्यामागून ट्रेसर.

काहीच वाटलं नाही. अकरापैकी तेव्हा सात वर्षं झाली होती मला ही गोष्ट बनवत, आणि ती आत गेली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. ते तसंच असायला हवं. काही मायक्रोग्रॅम पदार्थ, सुमारे ३७० मेगाबेकरेल, दोनेक मिलिसिव्हर्ट किरणोत्सार. तरीही डोळ्यांत पाणी आलं, आणि मास्कमुळे ते पुसता आलं नाही.

औषध मात्र जाणवलं. जीभ कोरडी पडली, छातीत ठोके मोजता येतील असे झाले, छताच्या फरशीवरची भोकं मी ओळीनं मोजू लागले आणि हिशेब चुकला नाही. दर काही मिनिटांनी आवाज यायचा: 'छान वाटतंय, शून्य ते दहा?' 'नशा वाटतेय, शून्य ते दहा?' 'अस्वस्थता?' नशेचा माझा आकडा सगळ्या वेळात शून्यच राहिला. केंद्राबद्दल तक्रार दोनच. गुडघ्याखाली उशी दिली नाही, त्यामुळे पन्नासाव्या मिनिटाला कंबर ओरडत होती. आणि शेवटी माझे आकडे मला सांगण्यासाठी तीन वेळा विचारावं लागलं. नर्स मात्र हात धरून उभी राहणारी होती.

तो शून्य मला नंतर फार शिकवून गेला. त्या गोळीनं माझ्या स्ट्रायाटममधलं बीपी खाली आलं होतं, म्हणजे डोपामाइन वाढलं होतं. मग नशा का नाही? याचं उत्तर व्यसनाच्या संशोधक नोरा वोल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात मिळवायला सुरुवात केली. त्यांनी कोकेनला आणि मिथाइलफेनिडेटलाही कार्बन-११ लावून शिरेतून दिलं. दोन्ही मेंदूत झटकन शिरतात. कोकेन ४ ते ६ मिनिटांत, मिथाइलफेनिडेट ८ ते १० मिनिटांत वरच्या टोकाला. नशा चढते ती याच चढणीवर. कोकेन लवकर निघून जातं, निम्मं सुमारे २० मिनिटांत. मिथाइलफेनिडेट निम्मं व्हायला ९० मिनिटं. पण नशा त्याचीही लवकर उतरते, औषध अजून जागेवर असताना. म्हणजे किती औषध बसलं आहे यापेक्षा ते किती वेगानं आलं याला महत्त्व. २००१ मध्ये त्याच गटानं दाखवलं की तोंडानं घेतलेल्या ६० मिलिग्रॅम मिथाइलफेनिडेटनंही निरोगी लोकांत रॅक्लोप्राइडचं बंधन सरासरी २० टक्के खाली येतं. उपचाराची गोळी डोपामाइन वाढवतेच, हळूहळू वाढवते. आणि २०२३ मध्ये पेट आणि एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणारा स्कॅन) एकाच वेळी चालवून केलेल्या एका अभ्यासात, शिरेतून दिलेल्या औषधानं डोपामाइन झपाट्यानं वाढलं तेव्हाच इन्सुला आणि सिंग्युलेटचा पुढचा भाग या मेंदूतल्या भागांचं जाळं कामाला लागलं. गोळीच्या संथ वाढीला ते लागलं नाही.

म्हणून माझं मत असं की नुसता घटीचा टक्का छापून थांबणारे अभ्यास अर्धवट असतात. टेबलावरचा माणूस काय म्हणत होता तो तक्ता शेजारी हवाच.

हालचालीबद्दल बोलायलाच हवं, कारण या मोजणीचा खरा शत्रू तोच आहे. उत्तेजक औषध दिलं की माणूस बोलतो, पाय हलवतो, मान किंचित वळवतो. स्ट्रायाटम म्हणजे मेंदूच्या खोल भागातले छोटे गोळे, आणि साध्या स्कॅनरला चार-पाच मिलिमीटरपेक्षा बारीक दिसत नाही. डोकं थोडं सरकलं की उजळ भाग शेजारच्या अंधाऱ्या भागात सांडतो आणि त्याचा आकडा खाली येतो. म्हणजे हालचालीमुळे घट दिसते, अगदी डोपामाइन सुटल्यावर दिसते तशीच घट, आणि तीही नेमकी औषधाच्या स्कॅनमध्ये. बेसलाइनला माणूस पेंगत असतो.

आमच्याकडे एका तरुणाची घट एवढी मोठी निघाली की सगळे खूश झाले. मी तंत्रज्ञाबरोबर बसून एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. अठराव्या मिनिटापर्यंत कवटीची कड जिथल्या तिथे. एकोणिसाव्या मिनिटाला ती डावीकडे झुकली आणि तशीच राहिली. मास्क होता, पण आत जबडा सैल पडला की डोकं मास्कमध्येही फिरतं. फ्रेमा जुळवून पुन्हा हिशेब केला तेव्हा घट निम्म्याहूनही कमी राहिली. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, 'नाकाला खाज सुटली होती, पण हात नाही हलवला.' हात खरंच नव्हता हलवला, नाक मास्कवर घासलं होतं. पेपर वाचताना मी आता निष्कर्षाआधी हालचाल कशी सुधारली ते शोधते. त्यावर दोन ओळीही नसतील तर पुढचं सावधपणे वाचते.

असं असूनही या ट्रेसरनं जे दिलं ते दुसऱ्या कशानं दिलं नसतं. १९९६ मध्ये मार्क लारुएल आणि सहकाऱ्यांनी त्याच्याच कुळातल्या आयबीझेडएम या ट्रेसरनं (तो स्पेक्ट या पेटसारख्याच दुसऱ्या स्कॅनसाठी असतो) १५ स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि १५ निरोगी माणसं तपासली. किलोमागे ०.३ मिलिग्रॅम ॲम्फेटामिन शिरेतून दिल्यावर निरोगी लोकांत घट ७.६ टक्के, रुग्णांत १९.५ टक्के. पुढच्याच वर्षी रॅक्लोप्राइडनं दुसऱ्या एका गटाला तसंच दिसलं. स्किझोफ्रेनियात डोपामाइनचं काहीतरी बिनसतं हे तोवर औषधांच्या परिणामावरून ताडलेलं होतं. आता ते जिवंत माणसात, त्या वेळी, आकड्यात होतं.

१९९७ मध्ये वोल्को यांच्या गटानं कोकेन सोडलेल्या २० जणांची २३ निरोगी लोकांशी तुलना केली. अनेकांची अपेक्षा होती की व्यसनी माणसाच्या मेंदूत डोपामाइन जास्त उसळेल. निघालं उलटं. मिथाइलफेनिडेट दिल्यावर त्यांच्या स्ट्रायाटममध्ये कमी घट दिसली, आणि नशाही त्यांना कमी जाणवली. ज्या माणसाला घरचे 'मजा मारतो' म्हणून बोल लावतात त्याला ती मजाही पुरेशी मिळत नसते, हे मला माझ्या ट्रेसरनं दाखवलेलं सगळ्यात दुःखाचं सत्य वाटतं. स्वयंसेवक म्हणून येणाऱ्या अशा लोकांशी मी दारातच नीट बोलते. ते आपला मेंदू उसना देऊन जातात.

आणि १९९९ चा एक अभ्यास, फक्त एका रुग्णाचा. पार्किन्सन झालेल्या त्या माणसाच्या मेंदूत दहा वर्षांपूर्वी डोपामाइन तयार करणाऱ्या पेशींचं रोपण एका बाजूला केलेलं. त्याला मेथॲम्फेटामिन देऊन रॅक्लोप्राइडनं पाहिलं. रोपण केलेल्या बाजूला घट दिसली, म्हणजे लावलेल्या पेशी दहा वर्षांनीही डोपामाइन सोडत होत्या. ते चित्र मी माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे.

मर्यादा थोडक्यात, पण न लपवता. स्ट्रायाटमबाहेर या ट्रेसरचा उपयोग नाही; कॉर्टेक्समध्ये रिसेप्टर इतके विरळ की आकडा गोंगाटात हरवतो. तिथलं पाहायचं तर फॅलीप्राइड किंवा एफएलबी ४५७ हे दुसरे ट्रेसर. घट आणि डोपामाइन यांचं नातंही सरळ नाही. माकडांत मेंदूत बारीक नळी घालून एकाच वेळी दोन्ही मोजलं तेव्हा बंधन थोड्याच टक्क्यांनी उतरत होतं आणि डोपामाइन मात्र शेकडो टक्क्यांनी चढलेलं होतं. त्यामुळे '१० टक्के घट म्हणजे १० टक्के डोपामाइन वाढलं' असं कुणी लिहिलं की मला वाईट वाटतं. शिवाय ॲम्फेटामिननंतर डोपामाइन खाली आलं तरी रॅक्लोप्राइडचं बंधन कित्येक तास कमीच राहतं. रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात हे त्याचं एक बळकट स्पष्टीकरण आहे. म्हणजे आम्ही जी घट पाहतो तिच्यात स्पर्धेबरोबर हेही मिसळलेलं असतं. डोपामाइनसारखंच रिसेप्टरला चालना देणारं पीएचएनओ हे आणखी एक ट्रेसर जास्त संवेदनशील आहे, पण ते डी-३ कडे झुकतं आणि त्याचा डोस फार जपून द्यावा लागतो, नाहीतर मळमळ. रोजच्या कामासाठी मी अजूनही रॅक्लोप्राइडच घेईन. एकाच माणसावर औषधाविना दोनदा स्कॅन केलं तर स्ट्रायाटमचे आकडे पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळतात, आणि या क्षेत्रात एवढं जुळणं सोपं नाही.

पाचपैकी चार देते. एक गुण कापला तो त्या मुलीला परत पाठवावं लागलं म्हणून.

लोक मला विचारतात, 'आमच्या मुलाचं लक्ष लागत नाही, त्याचं डोपामाइन तुमच्याकडे मोजून मिळेल का?' नाही मिळणार. रुग्णांच्या गटाची सरासरी निरोगी गटापेक्षा वेगळी निघते, पण दोन्ही गटांतली माणसं एकमेकांत भरपूर मिसळलेली असतात. एका माणसाचा आकडा बघून तो कुठल्या गटातला हे सांगता येत नाही. शिवाय मुलाला विनाकारण किरणोत्सार आणि उत्तेजक औषध कोण देईल? एडीएचडीचं निदान बोलून, निरीक्षण करून, शाळेतून आणि घरून माहिती घेऊनच होतं. 'डोपामाइन लेव्हल स्कॅन' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. हे मी चिडून लिहिते आहे, कारण आई-बापांच्या काळजीवर कुणी धंदा केलेला मला सोसत नाही.

पण मोठ्या वयाचे, निरोगी असाल आणि जवळ कुठे असा अभ्यास चालू असेल, तर जरूर जा. संमतीपत्र घरी नेऊन वाचा. वर्षभरात दुसरे किती किरणोत्साराचे तपास झाले ते खरं सांगा. रक्तदाब, हृदयाचा त्रास, गर्भधारणेची शक्यता, पूर्वी केलेली नशा, यातलं काही लपवू नका. तिथे कुणी तुमचा न्याय करायला बसलेलं नसतं, औषध देणं सुरक्षित आहे का एवढंच त्यांना ठरवायचं असतं. आदल्या दिवशी कॉफी आणि तंबाखू बंद करायला सांगितलं तर खरंच बंद करा. स्कॅनआधी बाथरूमला जाऊन या. गुडघ्याखाली उशी मागून घ्या. आणि मास्कच्या आत नाकाला खाज सुटली, जबडा सैल पडला, डोकं कणभर सरकल्यासारखं वाटलं, तर गप्प राहू नका, लगेच मोठ्यानं सांगा. पलीकडच्या खोलीत कुणीतरी त्या मिनिटाची वेळ लिहून ठेवेल.